चौसष्टच का?

कुठल्याही मजकुरातून २५६ बिटांचा ठसा, म्हणजे हॅश, काढणाऱ्या शा-२५६ या फंक्शनचा कोड मी एका नव्या सहकाऱ्याला समजावून सांगत होते. लायब्ररीतला तयार कोड नव्हता तो. स्टँडर्ड समोर ठेवून, शिकण्यासाठी म्हणून लिहिलेला, शंभरेक ओळींचा. मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे कसे पाडायचे, शेवटी आधी एकचा एक बिट, मग शून्यं आणि मग मजकुराची लांबी कशी जोडायची, हे सगळं तो शांतपणे ऐकत होता. मग मुख्य लूप आला, शून्यापासून त्रेसष्टपर्यंत जाणारा. स्क्रीनवर बोट ठेवून त्याने विचारलं, "मॅडम, हे चौसष्टच का? साठ का नाही? शंभर का नाही?" मी म्हटलं, "अरे, स्टँडर्डमध्येच चौसष्ट दिलंय." त्याने मान डोलावली आणि तो पुढे वाचायला लागला. उत्तर चुकीचं नव्हतं. त्रेसष्ट फेऱ्या केल्या तर निघणारा हॅश जगातल्या दुसऱ्या कुठल्याच यंत्राशी जुळणार नाही. पण त्याने हे विचारलंच नव्हतं. ज्यांनी हे बनवलं ते नेमके कुठे थांबले आणि कशावरून थांबले, हे त्याला हवं होतं. त्याच्या डोक्यातून ते तेव्हाच गेलंही असेल. माझ्या डोक्यातून मात्र गेलं नाही.

हॅश फंक्शन रचणाऱ्याच्या साऱ्या विवंचना त्या एका आकड्यात येऊन बसतात. प्रत्येक फेरीला वेळ लागतो, वीज लागते, चिपवर जागा लागते. सुरक्षित कनेक्शन, सॉफ्टवेअर अपडेट, डिजिटल सही, बॅकअप, या सगळ्यांच्या पोटात हॅश सतत काढले जात असतात, त्यामुळे एका फेरीची बचतसुद्धा जगभर मिळून प्रचंड होते. आणि प्रत्येक काढून टाकलेल्या फेरीगणिक हल्लेखोर एक पाऊल जवळ येतो. मग रेघ कुठे मारायची? गणित करून ती काढता आली असती तर प्रश्न मिटला असता. पण कितीही लांब मजकुरातून फक्त २५६ बिट काढायचे म्हटलं की दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश एकच येणं, म्हणजे टक्कर, टाळताच येत नाही. मजकूर अनंत आहेत आणि हॅश मोजके. टक्करी असणारच, खंडीभर असणार. त्या कुणाला सापडू नयेत एवढंच मागणं आहे. वाढदिवसाच्या गणितामुळे (थोड्याशा माणसांतही दोघांचा वाढदिवस एकच निघतो, तसं) नुसत्या अंदाधुंद शोधालाही २ च्या २५६ व्या घाताऐवजी १२८ व्या घाताइतकेच प्रयत्न पुरतात, पण तेही कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्याहून कमी श्रमात जाणारी आडवाट नाही, हे मात्र शा-२५६ बद्दल आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही.

तो प्रश्न मला स्वतःला जवळून बघायचा होता, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकच तुकडा दोनदा घ्यायचा, दुसऱ्यात पहिल्या शब्दाचा, म्हणजे ३२ बिटांच्या पहिल्या गटाचा, एक बिट उलटा करायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्हीकडची आठ रजिस्टरं शेजारी शेजारी छापायची. जिथे फरक असेल तो बिट ठळक. शा-२५६ ची आतली अवस्था म्हणजे ३२ बिटांचे आठ शब्द, ए पासून एच पर्यंत. पहिल्या फेरीनंतर फरक फक्त ए आणि ई मध्ये दिसतो, एखाददुसऱ्या बिटाचा. दुसऱ्या फेरीत तो बी आणि एफ मध्ये सरकतो आणि इकडे ए, ई मध्ये नवे ठिपके उमटतात, कारण तिथे शब्दाच्या तीन फिरवलेल्या प्रती एकमेकींशी एक्सॉर होतात, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तरच १ येतो: ए चा शब्द २, १३ आणि २२ घरं, ई चा ६, ११ आणि २५ घरं. चौथ्या फेरीअखेर आठही शब्दांत फरक पोचलेला असतो. आठ-दहा फेऱ्यांत स्क्रीन अशी भरून जाते की २५६ पैकी निम्म्याच्या आसपास बिट बदललेले, आणि ते कुठे असतील याचा काही नेम नाही. बघायला फार सुंदर दिसतं ते. मी तुकडे बदलून, बिट बदलून पुन्हा पुन्हा चालवलं.

आणि मग प्रश्न अधिकच टोचायला लागला. दहा फेऱ्यांत सगळं ढवळून निघतंय, तर उरलेल्या चोपन्न कशासाठी?

उत्तर त्या प्रोग्रॅममध्येच होतं. मी बिट डोळे मिटून उलटा करत होते. हल्लेखोर डोळे उघडे ठेवून करतो. पहिल्या सोळा फेऱ्यांत मजकुराचे सोळा शब्द जसेच्या तसे, फेरीला एक, आत येतात. म्हणजे त्या सोळा फेऱ्यांत प्रत्येक वळणावर त्याच्या हातात ३२ बिटांचं स्वातंत्र्य असतं. एका शब्दाने उठवलेला फरक पुढच्या शब्दांनी हवा तसा वळवायचा, दाबायचा, पुसून टाकायचा, हे त्याला जमतं. खरी कसोटी सतराव्या फेरीपासून सुरू होते, जिथे शब्द त्याच्या मनासारखे येत नाहीत. आधीच्या शब्दांपासून सूत्राने तयार होतात. हॅश टिकतो की नाही हे फेऱ्यांच्या संख्येइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, या सूत्रावर ठरतं. एमडी५ या जुन्या हॅश फंक्शनलासुद्धा पायऱ्या चौसष्टच होत्या. पण तिथे तेच सोळा शब्द नुसता क्रम बदलून चारदा वापरले होते, त्यांच्यात आपसात काहीच मिसळत नव्हतं. शा-२५६ च्या आधीच्या शा-१ ला तर ८० फेऱ्या होत्या आणि तेही मोडलं. उलट नंतरचं शा-३ चोवीस फेऱ्यांवर भक्कम उभं आहे. नुसता आकडा ऐकून काहीच कळत नाही.

या सूत्राची महती सांगणारी एक गोष्ट मला कायम चकित करते. १९९३ साली अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने रचलेलं शा प्रसिद्ध झालं. आज त्याला शा-० म्हणतात. थोड्याच काळात ते मागे घेतलं गेलं आणि १९९५ मध्ये शा-१ आलं. बदल काय होता? सूत्रात चार जुने शब्द एक्सॉर करून नवा शब्द बनायचा. आता तो बनल्यावर एका घराने डावीकडे फिरवायचा. बस्स, एवढंच. का, ते सांगितलं नाही. शा-० चं सूत्र कागदावर उलगडून बसलं की ते हळूहळू दिसू लागतं. फिरवणं नसल्यामुळे नव्या शब्दाचा पाचवा बिट फक्त जुन्या शब्दांच्या पाचव्या बिटांपासून बनतो, विसावा फक्त विसाव्यांपासून. ३२ उभे धागे, आणि आडवा एकही नाही. ओढला तर एकेक धागा अलगद निघेल असं ते कापड. त्या एका घराच्या फिरवण्याने ते धागे एकमेकांत गुंतले. शाबो आणि जू या दोन फ्रेंच संशोधकांनी १९९८ मध्ये शा-० वरचा हल्ला मांडला तेव्हा नेमकं हेच उघड झालं. शा-० ची प्रत्यक्ष टक्कर २००४ मध्ये सापडली, शा-१ ची २०१७ मध्ये. मधली तेरा वर्षं बहुतांशी त्या एका फिरवण्याने मिळवून दिली. संगणकाला त्याला लागणारा वेळ नगण्य. कार्यक्षमता आणि सुरक्षितता या दोन पारड्यांत नेहमी एकाचं वजन दुसऱ्याकडून घ्यावंच लागतं असं नाही, हे मला इथे कळलं. योग्य जागी योग्य गोष्ट केली तर जवळजवळ फुकटात खूप मिळतं. ती जागा सापडणं हेच काय ते कौशल्य.

पण रचनाकाराला ती जागा सापडली आहे हे त्याचं त्यालाही ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकन संशोधक रॉन रिव्हेस्ट यांनी १९९० मध्ये एमडी४ हे हॅश फंक्शन बनवलं ते वेगासाठी. ३२ बिटांच्या यंत्रांवर ते भन्नाट पळायचं. वर्षभरात त्यांनीच एमडी५ केलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलं की एमडी४ फार वेगवान करण्याच्या नादात कड्याच्या टोकाशी आलं आहे, म्हणून थोडा वेग सोडून मागे सरकतो आहोत. हे वाचताना मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. मागे सरकणं योग्यच होतं. ते पुरेसं नव्हतं, एवढंच. १९९६ मध्ये जर्मन संशोधक हान्स डॉबर्टिन यांनी एमडी५ च्या आतल्या, एकेक तुकडा ढवळणाऱ्या कॉम्प्रेशन फंक्शनमध्ये टक्कर दाखवली. पूर्ण हॅशमध्ये नव्हे, म्हणून बहुतेकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आठ वर्षांनी, ऑगस्ट २००४ मध्ये सांता बार्बराच्या क्रिप्टो परिषदेत शाओयुन वांग या चिनी गणितज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांच्या वतीने एमडी५ च्या टक्करी सगळ्यांसमोर ठेवल्या. यातला एक तपशील मला विशेष आवडतो. त्यांनी आधी मांडलेली जोडी चुकीच्या आरंभमूल्यावर काढलेली होती, बाइटांचा क्रम उलटा लागला होता. हे कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर थोड्याच अवधीत त्यांनी खऱ्या एमडी५ ची जोडी काढून दाखवली. नशिबाने हाती लागलेली टक्कर अशी हुकमी पुन्हा काढता येत नाही. त्यांच्याकडे पद्धत होती, आणि फरकांच्या त्या वाटा बऱ्याचशा हातानेच आखलेल्या होत्या.

मी ज्या आकृत्या कौतुकाने बघत बसले होते, तशाच आकृत्या वांग वाचू शकत होत्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ च्या अखेरीस दोनशेच्या आसपास प्लेस्टेशन ३ ही खेळांची यंत्रं जोडून संशोधकांच्या एका गटाने एमडी५ च्या जोरावर वेबसाइटच्या ओळखीची हमी देणारी बनावट प्रमाणपत्र-संस्था उभी करून दाखवली, आणि फ्लेम या हेरगिरी करणाऱ्या मालवेअरने मायक्रोसॉफ्टच्या सहीची नक्कल करायला तोच दोष वापरल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. डॉबर्टिन यांच्या इशाऱ्यानंतर सोळा वर्षांनी! शा-१ च्या बाबतीत तरी इशारे ऐकले गेले, असं म्हणायला थोडी जागा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी मिळून दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. दोन्हींचा आकार ४,२२,४३५ बाइट. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल. दोन्हींवर शा-१ चालवला की ३८७६२ पासून सुरू होणारी तीच चाळीस अक्षरं दोनदा येतात, एकाखाली एक. शा-२५६ चालवला की दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. यामागे २ च्या ६३ व्या घाताइतकं, म्हणजे नवावर अठरा शून्यं इतकं हॅशिंग होतं हे मला माहीत आहे. तरी त्या दोन एकसारख्या ओळी पाहिल्या की पोटात कसंतरी होतं. जे अशक्य म्हणून गृहीत धरून माणसांनी केवढे डोलारे उभे केले, ते इतक्या साध्या रूपात, निळ्या-लाल रंगात समोर.

वांग यांच्या निकालांनी हादरलेल्या एनआयएसटीने, म्हणजे अमेरिकेच्या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने, २००७ मध्ये शा-३ साठी जागतिक स्पर्धा जाहीर केली. ६४ प्रवेशिका आल्या. या स्पर्धेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण विजेत्याचा नाही. रिव्हेस्ट यांच्या गटाने एमडी६ पाठवलं होतं. २५६ बिटांच्या हॅशसाठी १०४ फेऱ्या. एवढ्या फेऱ्या असताना फरकांच्या हल्ल्यांपासून, म्हणजे ज्याने एमडी५ मोडलं त्याच प्रकारापासून, ते सुरक्षित असल्याची सिद्धता त्यांच्याकडे होती. मात्र वेगाच्या शर्यतीत शा-२ ला, म्हणजे शा-२५६ च्या कुळाला, गाठायचं तर फेऱ्या तीस-चाळीसवर आणाव्या लागणार होत्या, आणि तिथे सिद्धता लागू पडत नव्हती. लक्षात घ्या, चाळीस फेऱ्यांचं एमडी६ कुणी मोडलं नव्हतं. कदाचित ते आजही अभेद्य राहिलं असतं. पण जुलै २००९ मध्ये रिव्हेस्ट यांनी कळवलं की अशा अवस्थेत एमडी६ पुढच्या फेरीसाठी तयार आहे असं आम्हाला वाटत नाही. दोनदा ज्याच्या हातचं काम जगाने आंधळेपणाने वापरलं आणि दोनदा ते मोडलं, त्या माणसाचा हा निर्णय आहे. प्रवेशिका तशीच रेटली असती तर कुणी दोष दिला नसता. मला हा निर्णय हॅश फंक्शनच्या इतिहासातल्या कुठल्याही हल्ल्याइतकाच मोठा वाटतो.

बाकीच्यांनी वेगळ्या रीतीने रेघ मारली, आणि ती रेघ सारखी हलत राहिली. केचॅक, जे शेवटी ऑक्टोबर २०१२ मध्ये विजेतं ठरून शा-३ झालं, ते आलं १८ फेऱ्या घेऊन. स्पर्धा चालू असतानाच त्याच्या रचनाकारांनी त्या २४ केल्या. १६०० बिटांची अवस्था, ५ गुणिले ५ गुणिले ६४ अशी ठोकळ्यासारखी मांडलेली. फेरीत पाच पायऱ्या आणि त्यांतली फक्त एकच अरेषीय (नुसत्या एक्सॉरने न उलगडणारी), तीही इतकी साधी की तीन बिटांवर एक नकार, एक अँड आणि एक एक्सॉर. हार्डवेअरमध्ये हे अप्रतिम पळतं, साध्या प्रोसेसरवर शा-२ च्या मागे पडतं. पुढे त्याच रचनाकारांनी कांगारूट्वेल्व्ह काढलं त्यात १२ च फेऱ्या. ब्लेक या दुसऱ्या प्रवेशिकेची कथा तर याहून बोलकी. स्पर्धेत शिरताना त्याच्या २५६ बिटांच्या रूपाला १० फेऱ्या, अंतिम टप्प्यात १४. स्पर्धा संपल्यावर ब्लेक२ आलं, त्याच्या धाकट्या रूपात पुन्हा १०. आणि २०२० च्या ब्लेक३ मध्ये ७. दहा, चौदा, दहा, सात. या चढउतारात गणिताचा एखादा नवा सिद्धांत हाती लागला नव्हता. दहा-बारा वर्षं जगभरच्या हुशार माणसांनी डोकं आपटलं, हल्ले काही फेऱ्यांच्या पुढे सरकेनात, तेव्हा हिंमत वाढली. परीक्षकांसमोर जाताना सगळेच जास्तीच्या फेऱ्या घालतात; निवांतपणी त्या जास्तीच्या वाटायला लागतात.

वेगाच्या बाजूने बोलणारे बेफिकीर असतात असं मला मुळीच वाटत नाही. २०१३ मध्ये एनआयएसटीने शा-३ ची कपॅसिटी, म्हणजे अवस्थेचा जो भाग बाहेरच्या कुणाच्या हाती कधीच लागत नाही तो, कमी करून वेग वाढवण्याचा विचार मांडला. केचॅकच्या रचनाकारांनाही तो मान्य होता आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होतं. पण ते स्नोडेन प्रकरणाचं, म्हणजे एनएसएची गुप्त पाळत उघडकीला आल्याचं, वर्ष होतं. सरकारी संस्था सुरक्षिततेचा आकडा कमी करते आहे, एवढंच लोकांना दिसलं. गदारोळ झाला आणि प्रस्ताव मागे गेला. २०१५ मध्ये स्टँडर्ड आलं ते मूळ, जड आकड्यांनीच. तेव्हा मला हा गदारोळ थोडा अन्याय्य वाटला होता. आता वाटत नाही. ज्या वस्तूची सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, तिच्यात रचनाकाराचा हेतूही तपासला जाणारच. शा-२५६ चे फेऱ्यांचे स्थिरांक पहिल्या चौसष्ट अविभाज्य संख्यांच्या, २ पासून ३११ पर्यंतच्या, घनमुळांच्या अपूर्णांकांतून घेतलेत, ते याचसाठी. घनमुळांत काही जादू नाही. तिथे कुणाला काही लपवता येत नाही, म्हणून ती घेतली.

पासवर्डच्या बाबतीत हे सगळं उलटं होतं, हेही सांगायला हवं. तिथे हॅश जितका झपाट्याने निघेल तितक्या झपाट्याने चोर अंदाज तपासणार, म्हणून पासवर्डसाठीची बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारखी फंक्शनं मुद्दाम संथ केलेली असतात. शा-२५६ ने थेट पासवर्ड साठवणाऱ्या सिस्टिम अजूनही दिसतात तेव्हा राग येतो. चांगल्या हत्याराचा तो अत्यंत वाईट वापर आहे.

तर, चौसष्टच का? शा-२ हेही एनएसएनेच रचलं आणि आपल्या निवडींची कारणमीमांसा त्यांनी प्रसिद्ध केली नाही. पण बाहेरून मोजता येतं. २०२४ मध्ये संशोधकांनी शा-२५६ च्या पहिल्या ३१ फेऱ्यांपुरती प्रत्यक्ष टक्कर काढून दाखवली. दोन दशकांच्या श्रमांनंतर ३१, उरल्या ३३. शिवाय त्या पुढच्या फेऱ्या मागच्यांसारख्या नाहीत, हल्लेखोराचं स्वातंत्र्य तोवर संपत आलेलं असतं. मी ते त्या मुलाला तसंच सांगितलं, प्रोग्रॅमही चालवून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, अर्धं खर्च झालंय, असं धरायचं?" मी म्हटलं, नाही, हल्ले असे सरळ रेषेत पुढे जात नाहीत, कधी वर्षानुवर्षं एक फेरीही सरकत नाही आणि कधी एखादी शाओयुन वांग येते. मला विचाराल तर रोजच्या फाइली पडताळायला सात फेऱ्यांचं ब्लेक३ मी निर्धास्त वापरते, पण तीस वर्षांनी उघडायच्या सहीखाली मला चौसष्टच हव्यात, आणि कपाटात पूर्णपणे वेगळ्या बांधणीचं शा-३ तयार हवं.

मग आम्ही दोघांनी आमच्या साठवणीच्या रचनेत एक बदल केला. प्रत्येक हॅशच्या आधी तो कुठल्या फंक्शनने काढला आहे ते सांगणारा एक बाइट, आणि पाठोपाठ लांबी. गिट या, कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत शा-१ ची चाळीस अक्षरं इतक्या ठिकाणी गृहीत धरली गेली होती की शा-२५६ कडे जाण्याचं त्यांचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. एनआयएसटीने शा-१ पूर्ण बंद करायला ३१ डिसेंबर २०३० ची मुदत दिली आहे. आमच्या जुन्या नोंदींत ते कुठे कुठे शिल्लक आहे याची यादी तो मुलगा आता करतो आहे.